आहे ते राहू दे

दूरच्या सर्व्हरवरून जुन्या फोटोंचं मोठं फोल्डर उतरवायला घेतलं आणि मध्येच लाइन गेली, तर एससीपी हे फाइली उतरवण्याचं साधन पुन्हा पहिल्यापासून सगळं आणू लागतं. आधी काय येऊन पोचलंय, याची चौकशी ते करत नाही. आरसिंक हे दुसरं साधन ती करतं, म्हणून मला ते प्रिय आहे.

१९९६ साली कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते घडवलं. मंद तारेवरून मोठी फाइल अद्ययावत कशी ठेवायची, हा त्यांचा प्रश्न. उत्तर फार देखणं. घेणारा आपल्याकडच्या जुन्या फाइलचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकाच्या दोन खुणा कळवतो, एक झटपट निघणारी, एक पक्की. देणारा आपल्या फाइलवरून एकेक बाइट सरकत त्या शोधतो. झटपट खूण दरवेळी नव्याने काढायची नसते. मागे पडलेला बाइट वगळायचा, नवा मिळवायचा. ती जुळली तरच पक्की तपासायची. तारेवरून जातं ते फक्त न जुळलेलं. दोन्ही फाइली एका जागी येतच नाहीत आणि तरी त्यांची तुलना होते!

बहुतेक वेळा इतक्या खोलात जावंच लागत नाही. आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ सारखी असली की आरसिंक फाइल सोडून पुढे जातं. आज्ञेला ‘इग्नोर-एक्झिस्टिंग’ हे कलम जोडलं तर तेवढंही पाहत नाही. त्या नावाची फाइल इथे आहे ना, मग तिला हात लावायचा नाही. इथे आणून निगुतीने सुधारलेले फोटो त्यामुळेच शाबूत राहतात.

पण नाव असलं म्हणजे फाइल पुरी असेलच असं नाही. एससीपी थेट खऱ्या नावानेच लिहितं, त्यामुळे तुटलेली फाइल त्याच नावाने अर्धी पडून राहते. मग ‘इग्नोर-एक्झिस्टिंग’ लावून कितीही फेऱ्या करा, ती अर्धीच राहणार. आरसिंक स्वतः येणारी फाइल टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाखाली लिहितं आणि पूर्ण उतरल्यावरच तिचं बारसं करतं. ‘पार्शियल’ लावलंत तर मात्र अर्धवट तुकड्यालाही खरं नाव मिळतं, म्हणून ते आणि ‘इग्नोर-एक्झिस्टिंग’ ही दोन कलमं एकत्र नकोत.

सर्व्हरवरची मूळ प्रत पुसण्याआधी एकदा ‘इग्नोर-एक्झिस्टिंग’ काढून ‘चेकसम’, ‘ड्राय-रन’ आणि ‘व्हर्बोज’ लावून पाहा. काहीही हलणार नाही, फक्त न जुळणाऱ्या फाइलींची नावं दिसतील. दोन्हीकडच्या फाइली वाचायच्या म्हणजे वेळ लागेल. तो लागू द्या.