गिटारवरचे नाव आणि माळवदावरचे भोपळे

गिटार वाजवणारी दोन माणसे भेटली की पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो, "तुमची कुठल्या कंपनीची?" काय वाजवता, कोणाकडे शिकलात, रियाज किती, हे नंतर, पुष्कळदा ते निघतही नाही. आम्ही वीस-बावीस वर्षांपासून हे वाद्य हौसेने वाजवतो. बी.एड.ला असताना एका मित्राची जुनी गिटार विकत घेतली, तीच आजही आहे. दिवसा शाळेत उर्दू आणि मराठी शिकवायचे, रात्री इशाची नमाज झाली, मुलांचा अभ्यास आटोपला की अर्धा-पाऊण तास तारा छेडायच्या, इतकेच आमचे संगीत. मैफिलीत कधी बसलो नाही आणि बसण्याची योग्यताही नाही. तरी हौशी माणसाला कोणाला काही विकायचे नसते, म्हणून त्याला दिसते ते बोलता येते.

संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत हे वाचकांना ठाऊक आहे. तो वाद या पानावर उघडायचा नाही. ज्यांना वाद्य वर्ज्य वाटते त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. पण वाद्य बनवून पोट भरणारे हात बहुतांशी आपल्याच लोकांचे आहेत, आणि त्या हातांविषयी तरी आपल्या घरांत माहिती असावी.

आधी गिटारची गोष्ट. आज मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावातही नववी-दहावीच्या मुलाच्या मोबाईलवर गिटारच्या जाहिराती येतात. वाजवून दाखवणारा तरुण पाठीमागे दहा गिटारी टांगून बसलेला असतो आणि या लाकडाचा आवाज गोड, त्या लाकडाचा तिखट, असे समजावत असतो. पोराला अजून एक गाणे धड येत नाही, पण कोणत्या गिटारला कोणते लाकूड हे त्याला पाठ! हप्त्यावर मिळते म्हणून बापाच्या मागे लागतो. गंमत अशी की ज्याच्या नावाची गिटार ही मुले स्वप्नात पाहतात तो अमेरिकेतला लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नव्हता. तो रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर. वाजवणारे त्याच्या दुकानात येत, काय अडते ते सांगत, आणि तो ऐकून घेऊन वाद्यात बदल करी. १९५४ साली निघालेली त्याची स्ट्रॅटोकास्टर आजही जवळपास त्याच आकारात विकली जाते. १९६५ मध्ये त्याने आपली कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीला विकली. तेव्हापासून शौकीन लोक विक्रीच्या आधीची गिटार आणि विक्रीनंतरची गिटार असा भेद करतात आणि आधीचीला कित्येक पट जास्त मोजतात. म्हणजे कारागिराचा हात कुठे संपला आणि कंपनी कुठे सुरू झाली, हे त्या लोकांनाही कळते. फक्त कळते ते पन्नास वर्षांनी, आणि तोवर वाद्य वाजवणाऱ्याच्या हातातून निघून पैसेवाल्याच्या काचेच्या कपाटात गेलेले असते. कर्ट कोबेन या गायकाने १९९३ च्या कार्यक्रमात वाजवलेली मार्टिन कंपनीची गिटार २०२० च्या लिलावात साठ लाख डॉलरला गेली. आपल्या हिशेबात पंचेचाळीस कोटी रुपये. ती आता कोणी रोज वाजवत असेल असे आम्हाला वाटत नाही.

लाकडाचे म्हणाल तर जगातल्या चांगल्या गिटारींवर बोटे फिरतात ती पट्टी पुष्कळदा शिसवीची असते. शिसव म्हणजे आपल्या आजीच्या पलंगाचे, वाड्याच्या खांबाचे लाकूड. ब्राझीलची शिसव तोडून तोडून संपत आली, १९९२ मध्ये तिच्या व्यापारावर जागतिक बंधन आले, तोवर गिटारवाल्यांनी भारताच्या शिसवीकडे मोर्चा वळवलेला होता. २०१७ मध्ये आपली शिसवही नियमाखाली आली, आणि वाद्यवाल्यांच्या ओरड्यानंतर २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. इथल्या डोंगरातले लाकूड बाहेरदेशी जाते, तिथल्या नावाची चिठ्ठी लागून परत येते आणि आपला पोरगा त्या चिठ्ठीचे पैसे भरतो. शिसवीची किंमत त्यात किती, हे कोणी विचारत नाही.

आता आमच्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट सांगायला हवी. त्याच्या मामूंनी आखाती देशातून त्याला गिटार पाठवली. नाव मोठे, पेटी झकास. दोन महिन्यांत पोरगा रडकुंडीला आला: तारा पट्टीपासून इतक्या वर की दाबताना बोटे सोलून निघत, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आटून पितळी पडद्यांची टोके बाजूने बाहेर येऊन हाताला ओरखडे काढत. हा दोष गिटारचा कमी, हवेचा जास्त. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेत कोणतेही लाकूड आखडते. पेटीत ओल्या स्पंजचा तुकडा भोके पाडलेल्या डबीत घालून ठेवावा आणि तारांची उंची जाणकाराकडून खाली आणून घ्यावी. पाच-दहा हजारांची गिटार अशी नीट लावून घेतली तर शिकणाऱ्याला ती पन्नास हजारांच्या न लावलेल्या गिटारपेक्षा केव्हाही बरी. विकणारा हे सांगत नाही, कारण यात त्याची दुसरी गिटार विकली जात नाही.

ती दुरुस्त करून द्यायला आम्ही त्याच्या घरी, भीमेच्या अंगाच्या एका वाडीवर गेलो. घर जुने, धाब्याचे. आणि माळवदावर रांगेने मोठमोठे भोपळे वाळत ठेवलेले. एकेक असा की दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावावा. आम्ही म्हटले, "चाचा, हे मिरजेला जाणार ना?" ते म्हणाले, "जी, सर. तंबोऱ्याचे आहेत. पण खरं सांगू, तंबोरा वाजतो कसा ते मी काही ऐकलेलं नाही."

मंगळवेढा म्हटले की लोकांना मालदांडी ज्वारी आठवते, भूक लागलेल्यांना कोठार उघडून देणारे दामाजीपंत आठवतात, चोखोबा आठवतात. पण मंगळवेढा-पंढरपूर भागातला भीमाकाठचा हा कडू भोपळा मिरजेत पोचला नाही तर देशातले कित्येक गवई आणि सतारिये वाद्यावाचून बसतील, हे इथल्याच लोकांना फारसे माहीत नाही. हा खायचा भोपळा नव्हे. पावसाळ्याच्या तोंडाला बी लावायचे, वेल जमिनीवर पसरू द्यायचा. फळ धरले की त्याच्याखाली बैठक करायची आणि ते अधूनमधून हलक्या हाताने फिरवायचे, नाहीतर एका अंगाला चपटे होते. पाणी बेताने द्यायचे. पाणी जास्त झाले तर फळ फुगते पण साल पातळ राहते, आणि पातळ सालीचा तंबोरा बोलत नाही. वेलावरच पुरते पिकू द्यायचे, मग उन्हात महिनोन् महिने वाळवायचे. चांगला वाळलेला भोपळा टिचकी मारली की टणकन उत्तर देतो. मोठा तंबोऱ्याला, मधला सतारीला, लहान वीणेला आणि एकतारीला. वारीत विणेकऱ्याच्या खांद्याला जो भोपळा असतो तोही याच जातीचा. अवकाळी पाऊस झाला किंवा ऑक्टोबर २०२० सारखा भीमेला पूर आला की वर्षभराचे काम शेतातच कुजते. आणि शेजारी ऊस उभा असतो, ज्याला यातले काहीच करावे लागत नाही.

आमच्या गावाहून सांगोला, कवठेमहांकाळ करत गेले की शंभर-सव्वाशे किलोमीटरवर मिरज. तिथे सतारमेकर गल्ली आहे आणि तिथल्या कित्येक घरांचे आडनावही सतारमेकर आहे. मुळात ही शिकलगार मंडळी. तलवारींना, भाल्यांना धार आणि चकाकी देणे हा त्यांचा धंदा. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी सरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला घेतली, मग बनवायला. पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड, त्यामुळे मिरजेत गवई येत आणि वाद्येही येत. बापाने पोराला, पोराने नातवाला शिकवत ही तालीम आजवर चालत आली आहे. तून नावाच्या लाकडाची मान, भीमाकाठचा भोपळा, त्यावर नक्षी, आणि सगळ्यात शेवटी जवारी.

जवारीविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण गिटारवाल्याला ती चीज उमगायला वेळ लागतो. गिटारची तार पडद्याला घासून झणझणली तर तो दोष, आम्ही तो कानस लावून काढून टाकतो. तंबोऱ्यात तीच झणझण मुद्दाम जन्माला घालतात. तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला डोळ्याला न दिसणारी गोलाई असते. तार कंप पावताना त्या गोलाईला पुन्हा पुन्हा हलकेच शिवते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की बंद आवाज उघडतो आणि एका तारेतून सुरांची रांग निघू लागते. हे मोजमापाने होत नाही, कानाने होते. मिरजेत एका वृद्ध कारागिरापुढे आम्ही तासभर बसलो. ते घासत, छेडत, पुन्हा घासत. आम्हाला शेवटचे तीन वेळचे आवाज एकसारखेच वाटले. त्यांना वाटले नाहीत, आणि चौथ्यांदा जेव्हा लागले तेव्हा आमच्याही अंगावर काटा आला. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करीत, जवारी लावत असे सांगतात. ते मिरजेचेच होऊन राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात त्यांचे निधन झाले आणि त्यांना मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. तिथे उरुसात चिंचेच्या झाडाखाली आजही मोठमोठे गवई हजेरी लावून गातात.

खाँसाहेबांच्या काळी तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. तासाभराचा राग तेवढ्यात बसवावा लागे आणि लोक त्यावर टीका करीत. आजचा हिशेब त्याहून आखूड आहे. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी श्रोत्याने तीस सेकंद ऐकले की एकदा वाजले असे धरतात. म्हणून आता गाणे तीस सेकंदांच्या आत श्रोत्याला धरून ठेवायला बघते. ज्या आलापीला पहिली दोन मिनिटे नुसता षड्ज लावायला लागतात तिने जायचे कुठे? २०२४ पासून त्यांचा आणखी एक नियम आहे: वर्षात हजारदा न वाजलेल्या गाण्याला पैसाच नाही. आमच्या तालुक्यात उरुसाला कव्वाली गाणारे आहेत, भारूड गाणारे आहेत. त्यांच्या गाण्याचे हजार भरायचे कधी? रक्कम तशी क्षुल्लकच आहे हे मान्य. पण क्षुल्लक रक्कमही ज्याच्या घामाची त्याला न देता जास्त वाजणाऱ्यांच्या वाट्याला टाकायची, हा हिशेब आम्हाला पटत नाही. आम्ही शाळेत गुण देताना असे केले तर पालक शाळेला कुलूप लावतील.

तंबोऱ्यावरही असेच संकट आले आहे, फक्त आवाज न करता. आधी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आली, आता तो मोबाईलमध्ये फुकट आहे. आम्हीही तो वापरतो, प्रवासात सोय होते, नाकारत नाही. पण ती एकच झणकार फिरत राहते. खरा तंबोरा हवेबरोबर बदलतो, दर अर्ध्या तासाला लावावा लागतो, आणि ते लावता लावताच शागीर्दाचा कान तयार होतो. मोबाईलचा तंबोरा लावावा लागत नाही, आमची तक्रार तेवढीच आहे. संगीत शिकणारा एखादा मुलगा वाचकांच्या घरी असेल तर नव्या गिटारीआधी मिरजेत जुना, दुरुस्त केलेला तंबोरा चौकशी करून बघा.

२०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मिळाले. ते ऐकून आम्हाला मनापासून आनंद झाला, दीडशे वर्षांच्या मेहनतीला सरकारी कागदावर नाव मिळाले. आता मिरजेखेरीज दुसरीकडच्या वाद्याला मिरजेचे म्हणून विकता येणार नाही. पण तंबोऱ्याचा आवाज ज्या पोकळीतून येतो ती पोकळी पिकवणाऱ्याचे नाव त्या कागदाच्या आसपास कुठे दिसावे, असेही मनात आले. वाद्याला काही नुकसान होणार नाही. भोपळा पिकवणारा टिकला नाही तर मानांकन कशाला लावणार?

त्या मुलाच्या अब्बांना आम्ही मिरजेच्या दर्ग्यातल्या मैफिलीचे ध्वनिमुद्रण मोबाईलवर ऐकवले. सुरुवातीला नुसते तंबोरे होते, गाणे सुरू व्हायचे होते. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग विचारले, "यातला आवाज भोपळ्याचा कुठला?" आम्ही म्हटले, "आत्ता ऐकताय तो सगळाच." त्यांनी वर माळवदाकडे एकदा पाहिले. पोराने मध्येच विचारले की तुटलेल्या भोपळ्याला तारा लावून काही करता येईल का. चाचा म्हणाले, "तुकडे कोपऱ्यात पडलेत, घे." यंदा त्यांनी भोपळ्याचे रान अर्धे केले आहे, अर्ध्यात ऊस लावला आहे. पुढल्या जूनला बी ठेवणार की नाही ते ठरायचे आहे.