आखूड केलेली तलवार

अखंड पाते, मूळची मूठ आणि स्पेनमधल्या टोलेडो शहराचा शिक्का. यांपैकी एक जरी नसेल, तर वसाहतकाळातली स्पॅनिश तलवार मी संग्रहात घेण्याजोगी मानत नसे. आता माझे मत पार बदलले आहे.

शिक्क्यावरचा भरवसा आधी गेला. जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर टोलेडोच्या नामवंत पातेगरांची नावे आपल्या पात्यांवर सर्रास कोरत. पुढे टोलेडोतला पाती घडवण्याचा धंदाच इतका खालावला की १७६१ मध्ये राजा तिसऱ्या कार्लोसला तिथे सरकारी कारखाना काढावा लागला.

पण मन खरे पालटवले ते ‘एस्पादा आंचा’ने. मेक्सिकोच्या उत्तर सरहद्दीवरची ही आखूड, रुंद तलवार. लोखंडाची साधी परज, मूठ लाकडाची नाहीतर शिंगाची. घोडेस्वार ती खोगिराला, डाव्या पायाखाली अडकवत. ठाण्यांवरचे शिपाई तिने लढत, गुराखी तिनेच काटेरी रान तोडत. सरहद्दीवर चांगले पोलाद सहज मिळत नसे, म्हणून जुन्या लष्करी तलवारीचे लांब पातेही कापून तिथला लोहार त्याला नवी मूठ बसवी. अशा तलवारीला मी ‘बिघडवलेली’ म्हणत असे. आता वाटते, दरबारी तलवारीपेक्षा त्या मुलखाची हकिकत हीच जास्त सांगते: माल किती दुर्मिळ होता, हातांना कोणते काम होते, आणि एकच धार माणसावर आणि झुडपावर कशी चालत होती.

खरे तर हे आपल्याला कुणी शिकवायला नको होते. आपली फिरंग म्हणजे तरी काय? पाते युरोपातले, मूठ इथली. मराठ्यांनी ती आपल्या हाताला जुळवून घेतली, म्हणून तिला कुणी बाटगी म्हणत नाही. मग मेक्सिकोच्या लोहाराला तो मान का नाकारायचा?

संग्रह करणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. दोन मोडक्या तलवारी जोडून एक ‘पूर्ण’ करू नका. पाते पांढरे होईस्तोवर घासू नका; हातोड्याच्या, कानशीच्या खुणा पात्यावर चढलेल्या काळ्या थरातच टिकून असतात. बदललेली मूठ उतरवू नका. आणि विकताना ‘दुरुस्त केलेली’ असे खालच्या आवाजात सांगण्यापेक्षा, कुठे कापली, कुठे जोडली ते स्वच्छ लिहून द्या.