बेस वाजवणारा

मी पंक रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवतो, वीस वर्षं उलटून गेली. मूळ बेळगावचा. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बंगळूरला आलो आणि मारतहळ्ळीत खोली घेतली, कारण ऑफिस आउटर रिंग रोडवर होतं आणि भाडं झेपत होतं. आठवडाभर सॉफ्टवेअरचं टेस्टिंग, रविवारी जॅमरूम. या शहरात असे पुष्कळ जण आहेत. ज्यांचं मोठं नाव झालं त्यांची चरित्रं निघतात, जे व्यसनानं किंवा दारिद्र्यानं संपले त्यांच्यावर सिनेमे निघतात. शे-दोनशे माणसं ओळखतात आणि तेवढ्यावर जे अर्धं आयुष्य वाजवत राहतात, त्यांची कुठेच नोंद होत नाही. मला ती करावीशी वाटते.

पंक ऐकायला सोपं वाटतं. तीन-चार कॉर्ड, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, लांबलचक सोलो नाही. पण बेसवाल्याचं काम अंगमेहनतीचं आहे. मूळ स्वर धरून एकसारखे ठोके द्यायचे आणि पिक प्रत्येक वेळी वरून खालीच मारायचं. हात खाली-वर चालवला तर दमणूक निम्मी होते, पण वर येणारा ठोका हलका पडतो आणि गाण्याची धडक जाते. मिनिटाला १८० ची लय असेल तर मात्रेला दोन याप्रमाणे सेकंदाला सहा ठोके होतात. तिसऱ्या गाण्यापासून कोपराखालचा स्नायू लाकडासारखा कडक होतो. मनगट सैल ठेवून जोर कमी-जास्त न होऊ देता हे निभावणं मला यायला काही वर्षं लागली.

ही रीत न्यू यॉर्कच्या रमोन्स या पंक बँडची. १९७६ मधला त्यांचा पहिला अल्बम १४ गाण्यांचा, अर्ध्या तासाच्या आत संपणारा, सुमारे ६,४०० डॉलरमध्ये रेकॉर्ड झालेला. १९९६ मध्ये थांबेपर्यंत त्यांनी २,२६३ कार्यक्रम केले. आज जगभर त्यांचे टीशर्ट विकले जातात, पण त्या पहिल्या अल्बमला अमेरिकेत ‘गोल्ड’चा दर्जा मिळाला तो २०१४ मध्ये, ३८ वर्षांनी. तोवर मूळ चौघांतला एकटा ड्रमर टॉमी उरला होता. त्याच वर्षी जुलैत तोही गेला.

२०१४ च्या एप्रिलमध्ये आपले नंदू भेंडे गेले. मला त्या बातमीचं जास्त वाईट वाटलं, कारण रॉक नावाची गोष्ट आमच्या घरात त्यांच्यामुळे आली. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांनी पुण्यात ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहिलं होतं, १९७८ मध्ये रंगभूमीवर आलेलं पुलंचं नाटक, जब्बार पटेलांनी बसवलेलं. त्यात अंकुश झालेले नंदू भेंडे मराठी शब्द रॉकच्या आवाजात म्हणायचे, आणि बाबा पुढे कितीतरी वर्षं त्याबद्दल सांगायचे. नंदू हे आत्माराम भेंड्यांचे चिरंजीव. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्युडास केला होता. वेल्व्हेट फॉग, सॅव्हेज एन्काउंटर अशा मुंबईच्या बँडमध्ये ते गायले होते. रॉकवाल्यांना ते ठाऊक, नाटकवाल्यांना ठाऊक. त्यापलीकडच्या बहुतेक मराठी घरांत मात्र नाव सांगितल्यावर दोन वाक्यं जोडून सांगावी लागतात. मला हे खटकतं. मराठीत रॉक गाता येतं हे या माणसानं भर रंगमंचावर उभं राहून दाखवलं होतं, आणि आम्ही मराठीत गाणी लिहायला बसलो तेव्हा आधाराला तेवढं एकच उदाहरण होतं.

बंगळूरला आलो तेव्हा अशी चिवट माणसं जवळून बघायला मिळाली. थर्मल अँड अ क्वार्टर हा बँड १९९६ पासूनचा. क्रिप्टॉस १९९८ पासूनचा. तो हेवी मेटलवाला, पण चिवटपणा तोच. २०१० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेले, २०१३ मध्ये जर्मनीतल्या वाकनच्या महोत्सवात वाजवून आले, आणि त्यानंतरही अल्बम काढतच राहिले. कार्यक्रम संपल्यावर असे लोक आपापल्या केबल स्वतः गुंडाळताना दिसायचे. मी ते बघितलं आणि मला कळलं की हे असंच चालतं, याच्यापुढे कुठलं दार उघडायचं राहिलेलं नाही. त्यानं मला फार बळ मिळालं.

आमची जॅमरूम मुन्नेकोळ्ळालच्या बाजूला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या इमारतीत. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून आवाज बाहेर जायचा थांबत नाही, हे नवीन मुलांना सांगावं लागतं. ट्रेमुळे खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, इतकंच. बेसचा आवाज स्लॅबमधून खाली उतरतो. आम्ही अ‍ॅम्पखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवले, दाराला गादी लावली, तेव्हा कुठे खालच्या मजल्यावरच्या अक्कांची भांडी वाजायची थांबली. त्यांच्या नातवंडांच्या परीक्षा असल्या की आम्ही नऊला बंद करतो. एचएएलची धावपट्टी जवळ आहे. २००८ च्या मे महिन्यात प्रवासी विमानं देवनहळ्ळीच्या विमानतळावर गेली, पण लढाऊ विमानं इथूनच उडतात. ती डोक्यावरून गेली की गाणं मध्येच थांबवायचं आणि चहा मागवायचा.

पैशाचं सांगायचं तर मिळालेलं मानधन चौघांत वाटून, जॅमरूमचं भाडं आणि टेम्पो वजा केला की तारांचा एक सेट येतो. २०१८ हे वर्ष फार वाईट गेलं. सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठीचा २००५ चा परवान्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयात कायम झाला आणि शहरातल्या कित्येक पबांमधलं लाइव्ह संगीत बंद पडलं. आमचा ड्रमर तेव्हा पुण्याला बदली घेऊन गेला. वर्षभर आम्ही नुसते रविवारी भेटत होतो, ड्रमच्या जागी मोबाइलमधला मेट्रोनोम लावून.

त्यानंतर एकदा इंदिरानगरच्या एका छोट्या कार्यक्रमात धारवाडचा एक मुलगा भेटायला आला. हातात आमची जुनी सीडी. तिचं कव्हर आम्हीच झेरॉक्स करून कात्रीनं कापलं होतं, त्यामुळे एक बाजू तिरकी आहे. त्याला ती मोठ्या भावाकडून मिळाली होती. “सर, या सीडीवरून मी बेस शिकलो,” म्हणाला. मी माझी गिटार त्याच्या हातात दिली. त्यानं दुसरं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं, सगळे ठोके वरून खाली. शेवटच्या कडव्याआधी मी एक स्वर अर्ध्या मात्रेनं आधी घेतो. कधी कोणाला सांगितलेलं नाही. त्यानं तोही तसाच घेतला. एका माणसानं हे इतक्या बारकाईनं ऐकलं होतं. मला त्याहून मोठी ओळख नको होती, अजूनही नको आहे.

तो आता व्हाइटफील्डला नोकरी करतो आणि आमच्यात दुसरी गिटार वाजवतो. मला सर म्हणणं त्यानं सोडलं, दादा म्हणतो. यंदा सहा गाणी रेकॉर्ड करायची आहेत, दोन मराठी, एक कन्नड, बाकी इंग्रजी. कन्नड गाणं त्यानं लिहिलंय, रिंग रोडवरच्या रात्रपाळीच्या कॅब ड्रायव्हरांवर. लय १९० ची ठेवू या म्हणतो. मी १८० वर अडलोय. येत्या रविवारी दोन्ही लयींत वाजवून बघणार आहोत.