शाखांचा कारभारी

आमच्या अहमदपुरात "आपण काय करता?" असं विचारून कोणी थांबत नाही, उत्तर पटेपर्यंत विचारतो. एकदा लातूरच्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांना मी म्हणालो, "फावल्या वेळात शाखा सांभाळतो." "बँकेची?" "नाही." त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं आणि पुढचा प्रश्न चाकूर येईपर्यंत राखून ठेवला.

माझ्या शाखा झाडाच्या जातीच्या. आम्ही सात-आठ जण मिळून एक देवनागरी फॉन्ट, म्हणजे संगणकावर उमटणारा अक्षरांचा संच, सांभाळतो. तो कोणीही फुकट घ्यावा, उघडून आत काय आहे ते पाहावं, हवा तसा बदलावा आणि बदललेला पुन्हा वाटावा. अशा वस्तूला मुक्तस्रोत म्हणतात. पगार कोणालाच नाही. एक जण पुण्याला, एक जर्मनीत, दोघे नांदेडला, आणि या सगळ्यांच्या कामाचा मेळ घालणारा कारभारी मी अहमदपुरात.

मेळ घालायचा म्हणजे काय? फॉन्टची एक मूळ प्रत असते, तिला मुख्य शाखा म्हणायचं. ज्याला काही नवं करून पाहायचं असेल त्यानं तिची प्रत काढून आपली शाखा, ज्याला सगळे ब्रँच म्हणतात, ती सुरू करायची. मनासारखं साधलं तर ते परत मुख्य शाखेत मिळवायचं. यासाठी गिट नावाचं साधन आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहिलं, कारण लिनक्सची मंडळी आधी जे साधन वापरत होती त्याची फुकट परवानगी काढून घेतली गेली होती. गिटमध्ये फांदी फुटायला डोळ्याचं पातं लवायचा अवकाश पुरतो. जोडायला मात्र रविवारच्या रविवार जातात. दोघांनी एकच ओळ बदललेली असली की गिट दोन्ही ओळी समोर मांडून स्वस्थ बसतं. एका प्रोग्रॅमच्या मराठी अनुवादात एकानं 'फाइल' ठेवलं होतं, दुसऱ्यानं 'धारिका' केलं होतं. गिटला मराठी कुठं येतं? ते भांडण माणसांनीच मिटवायचं.

आम्हा अहमदपूरकरांना हे नवं वाटू नये. आमचा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो उस्मानाबादला जोडला गेला आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा निराळा झाला तेव्हा लातूरकडं आला. ज्या उस्मानाबादेतून निघालो तिचंही आता धाराशिव झालं आहे. गाव जागचं हललं नाही, पण प्रत्येक जोडणीत कुणाचा तरी कागद मागच्या कचेरीत राहून गेला आणि त्यासाठी आमच्या आजोबांनी बऱ्याच चपला झिजवल्या.

असो. मुख्य शाखेत रोज काहीतरी पडत असतं, म्हणून ती जशीच्या तशी लोकांच्या हाती देता येत नाही. ठरल्या दिवशी तिच्यातून प्रकाशनाची एक शाखा वेगळी काढायची, तिच्यात नवं काही घ्यायचं बंद करायचं, फक्त चुका दुरुस्त करायच्या आणि मधून मधून चाचणी आवृत्त्या लोकांना द्यायच्या. घरोघरी बायका हेच करतात. भाजणी भिजवली की आधी एकच चकली तेलात सोडतात. ती विरघळली तर पिठाचं काहीतरी करता येतं. घाणाच्या घाणा घातल्यावर मग काय करणार? आमची ती पहिली चकली एका निवृत्त गुरुजींकडं आणि चौकातल्या डीटीपीवाल्याकडं जाते. गुरुजी पडद्यावर वाचत नाहीत. त्यांना कागदावर छापून द्यावं लागतं आणि तांबड्या पेनानं गिरवलेला कागद परत येतो.

मोठ्या घरांतून या गोष्टींचे नियम कडक असतात. लिनक्समध्ये नवं काम घ्यायला दोन आठवडे मिळतात. मग दर आठवड्याला एक, अशा सात-आठ चाचणी आवृत्त्या निघतात आणि त्यांत फक्त दुरुस्त्या चालतात. जीनोम या प्रकल्पाची आवृत्ती वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरात येते, आणि तिच्या आधी काही आठवडे पडद्यावरचे शब्द गोठवतात. त्यानंतर एखादा शब्द बदलायचा तर प्रोग्रॅमरला अनुवादकांची परवानगी काढावी लागते. जगात अनुवादकाला इतका मान मी दुसरीकडं पाहिलेला नाही.

२०२५ च्या जूनमध्ये लिनक्सच्या तिसऱ्या चाचणी आवृत्तीच्या वेळी केंट ओव्हरस्ट्रीट यांनी आपल्या बीकॅशएफएस या भागासाठी एक नवी सोय पाठवली. वापरणाऱ्यांची बिघडलेली माहिती परत मिळावी म्हणून ती आहे, असं त्यांचं म्हणणं. टोरवाल्ड्स यांनी ती घेतली, पण आपले मार्ग आता वेगळे होतील असंही सुनावलं, आणि त्याच वर्षी तो सगळा भाग लिनक्सच्या मूळ प्रतीतून बाहेर गेला. दोन्ही बाजूंची पत्रं मी वाचली. कोण खोटं बोलत होतं? कोणीच नाही.

आमच्या लहानशा घरातही तसा एक प्रसंग आला. मराठीत पापणीसारखा वाकलेला एक अर्धा 'र' आहे, 'दऱ्या'मधला. तो रफार होऊन डोक्यावर चढला की डोंगरातल्या दऱ्यांचा 'दर्या' होतो. संगणकावर तो दोन रीतींनी लिहिता येतो. आमच्या फॉन्टात एका रीतीनं नीट उमटे, दुसरीनं रफार होई. नांदेडला शिकणारी, आमच्याच तालुक्यातली एक मुलगी प्रकाशनाच्या दोन दिवस आधी त्यावरची दुरुस्ती घेऊन आली. तिच्या गावच्या सप्ताहाचा जमाखर्च छापताना 'आचाऱ्यांना दिले' याचं 'आचार्यांना दिले' झालं होतं. हिशेब तिच्या वडिलांकडं. महाप्रसाद रांधणाऱ्यांची मजुरी कागदावर कुणा आचार्यांच्या नावे पडली आणि हे आचार्य कोण, म्हणून पारावर चार दिवस त्या माणसाला विचारणा झाली.

दुरुस्ती चांगली होती. पण तिनं ज्या नियमाला हात घातला होता तोच नियम 'सूर्य', 'धर्म', 'कार्य' यांचा रफार ठरवतो. शेवटची चाचणी आवृत्ती गुरुजींनी पाहून झाली होती, आणि चाचणीनंतर बदललेल्या वस्तूची चाचणी झालेली नसते. मी लिहिलं, "मुख्य शाखेत आजच घेतो, लोकांना पुढच्या खेपेला देऊ." पुढची खेप म्हणजे चार महिने.

तिचं उत्तर एका ओळीचं आलं : "सर, तोवर माझ्या बाबांनी पारावर काय सांगायचं?"

त्यावर मला काही लिहिता आलं नाही. नोकरीत साहेबाला हुकूम सोडता येतो. इथं माणूस आपल्या खुशीनं आलेला असतो, आणि त्याच्या हातात सबंध कोठाराची किल्ली असते. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिसवाले निघाले ते असेच. या वाटणीची गंमत ही की दोन्ही घरांना सगळं धान्य पुरेपूर मिळतं; माणसं तेवढी विभागली जातात.

तिनंही वेगळी चूल मांडली. आमचा फॉन्ट घेतला, आपली दुरुस्ती घातली, नवं नाव दिलं आणि आठवड्याभरात वाटायला सुरुवात केली. चौकातल्या डीटीपीवाल्यानं तो घेतला, हे मला त्याच्याच दुकानात कळलं. "तुमचा काढून टाकला सर, हा बरा आहे," असं तो चहा मागवता मागवता म्हणाला. चहा मी प्यालो.

तीन महिन्यांनी मी तिला लिहिलं की दोन्ही एकत्र करू. ती लगेच हो म्हणाली नाही. मधल्या काळात तिनं 'ल' आणि 'श' यांची वळणंही बदलली होती, तेव्हा जोडणीला आम्हां दोघांचे पाच रविवार गेले. तिच्या 'ल'चा देठ मला अजून पसंत नाही, पण मतं घेतली तेव्हा तिची बाजू भरली. गावच्या पत्रकाची दुरुस्त प्रत तिनं आपल्याच फॉन्टात काढून पारावर लावली, आणि त्या वेळी माझा त्यात काहीच हात नव्हता, हे मात्र मनातून जात नाही.

या खेपेच्या प्रकाशनाची शाखा तिच्याकडं आहे. चाचणी दिवाळीनंतर ठेवावी, सणात कोण कागद तपासणार, असं मी सुचवलं. तिनं कळवलं की डीटीपीवाला वर्षातलं सगळ्यांत जास्त काम दिवाळीतच छापतो, तेव्हा चाचणी दिवाळीतच होईल. पहिली आवृत्ती वसुबारसेला आली. गुरुजींनी दोन पानं गिरवून परत पाठवली आहेत, उरलेली सहा माझ्या वाट्याला आली आहेत, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळच्या आत ती तिच्याकडं पोचायला हवीत.