काशीला गेलात तर धामूपूरलाही जा

काशीला गेलेली आपली मराठी मंडळी गंगेत डुबकी मारतात, विश्वनाथाचं दर्शन घेतात, सारनाथ उरकतात, बनारसी साडीची घासाघीस करतात आणि परततात. तुमच्या हातात एखादा दिवस जास्तीचा असेल, तर वाराणसीहून मऊकडे जाणारी गाडी पकडा आणि गाझीपूर जिल्ह्यातल्या दुल्लहपूर स्टेशनावर उतरा. तिथून जवळच धामूपूर आहे. परमवीर चक्र मिळवणाऱ्या अब्दुल हमीद यांचं गाव.

जन्म १ जुलै १९३३ चा. वडील शिंपीकाम करायचे, पण पोराचा जीव कुस्तीत. डिसेंबर १९५४ मध्ये ते सैन्यात गेले, ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये.

१९६५ चं युद्ध सुरू झालं तेव्हा ते रजेवर गावी होते. निघताना वळकटीची दोरी तुटली, बायकोने अपशकुन म्हणून थांबवायचा प्रयत्न केला, अशी आठवण सांगतात. ते थांबले नाहीत.

गंमत बघा, तेव्हा त्यांचं काम होतं क्वार्टरमास्टर हवालदाराचं. म्हणजे कंपनीचं रेशन, कपडे, सामान. पण जीपवर बसवलेली रणगाडाविरोधी तोफ त्यांनी आधी बरीच वर्षं हाताळली होती, म्हणून पंजाबात खेमकरण भागात ती त्यांच्याकडे आली. या तोफेचा एक त्रास असतो. गोळा सुटला की मागून धुळीचा लोट उठतो आणि शत्रूला जागा कळते. त्यामुळे पिकात दडायचं, गोळा झाडायचा आणि लगेच जीप हलवायची. जीपला चिलखत नाही. समोर चाळीसहून अधिक टनांचे अमेरिकी बनावटीचे पॅटन रणगाडे!

१० सप्टेंबरच्या सकाळी चीमा गावापुढे त्यांनी असेच पॅटन उडवले. जागा बदलत राहिले, तरी शेवटी ते दिसलेच. जीपवर गोळा आला. वय ३२.

आपल्या अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन ठेवलेला आहे. मुलांना तो दाखवाल तेव्हा त्याच्यासमोर एक उघडी जीप उभी आहे अशी कल्पना करायला सांगा. आणि हो, परमवीर चक्राचं डिझाइनही आपल्या घरचंच. ते केलं सावित्रीबाई खानोलकरांनी, जन्माने युरोपियन पण खानोलकरांच्या सूनबाई.

हमीद यांचं पदक १९६६ च्या प्रजासत्ताक दिनी रसूलन बीबींनी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून घेतलं. धामूपुरात तुम्हाला स्मारक दिसेल, पण कबर नाही. ती तिकडे पंजाबात, आसल उत्तरला, जिथे ते पडले तिथेच. २०१७ च्या १० सप्टेंबरला लष्करप्रमुख धामूपूरला आले, तेव्हा रसूलन बीबी त्यांच्या शेजारी होत्या. पुढे दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये त्या गेल्या.