पान कितीला पडतं?

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "घरासाठी प्रिंटर घ्यायचाय, कोणता घेऊ?" आणि लगेच चारजण माझं नाव टॅग करतात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे मला प्रिंटरमधलं कळत असणार, असा आपल्याकडे पक्का समज आहे. (इन्व्हर्टर आणि गीझरबद्दलही विचारून झालंय.) प्रिंटरबद्दल मात्र आता खरंच थोडंफार कळतं, कारण दोन वर्षांपूर्वी आईच्या रविवारच्या वर्गासाठी तो निवडायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आई शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या पुढच्या खोलीत दर रविवारी मुलांना मराठी लिहायला-वाचायला शिकवते. पंधराएक मुलं येतात. शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी, काहींच्या घरी पोवारी. गोंदिया इथून चाळीसेक किलोमीटरवर. तिथल्या मुलांना शाळेत मराठी आपोआप मिळतं, आपल्या मुलांना ते ठरवून द्यावं लागतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आणि विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. त्याआधी आपली राजधानी नागपूरच होती, त्यामुळे आजोबांच्या पिढीला असा वर्ग काढायची गरज वाटली नाही.

हिंदी-मराठीची लिपी एकच, मग वेगळं शिकवायचं काय, असं बऱ्याच पालकांना वाटतं. आई म्हणते, घोळ तिथेच आहे. माझी पुतणी आजीशी फोनवर झकास मराठी बोलते, पण आजीच्या हातची चिठ्ठी हिंदीसारखी वाचते. 'बाळ'चं 'बाल' होतं, 'काळा'चं 'काला' होतं. बाजारात भिंतीवर लावायचे वर्णमालेचे तक्ते मिळतात, ते सगळे हिंदी. त्यांत ड आणि ढ खाली टिंब देऊन असतात, ळ नसतोच. म्हणून आई स्वतःचे तक्ते आणि सरावाचे कागद करते, आणि ते छापावे लागतात.

आधी ते चौकातल्या दुकानातून छापून यायचे. मी युनिकोडमध्ये टाइप करून पेनड्राइव्हवर द्यायचो. दुकानात सगळं काम कृतिदेव फॉन्टमध्ये, त्यामुळे भैया कधी मजकूर परत टाइप करायचा. एकदा त्याने प्रामाणिकपणे विचारलं, "ये वाला ळ क्या होता है? ल कर दूँ?" पुढे मी पीडीएफ द्यायला लागलो, तो प्रश्न मिटला. खर्चाचा मिटला नाही. छापलेलं पहिलं पान पाच रुपये, मग झेरॉक्स दोन रुपये. पंधरा मुलं, प्रत्येकी चार कागद, म्हणजे एका रविवारचे साठ. महिन्याचे पाच-साडेपाचशे रुपये होत. आई पालकांकडून पैसे घेत नाही, मंडळाकडेही मागायचं नाही म्हणते. त्यामुळे ती कागदच कमी करू लागली. चाराचे तीन झाले, मग दोन, आणि एका पावसाळ्यात दोघांत एक. दोघांत एक कागद म्हणजे एक मूल लिहितं आणि दुसरं बघतं. बघणारं बहुतेक वेळा लहान असतं, ज्याला सरावाची गरज जास्त. त्यातली दोन मुलं हळूहळू यायची बंद झाली.

म्हणून घरीच प्रिंटर घ्यायचं ठरलं. मामेभावाने लगेच लिंक पाठवली, चार हजारांच्या आतला, स्कॅन-झेरॉक्स सगळं असलेला. यात वाईट काही नाही, पण हा कार्ट्रिजवाला. अशा प्रिंटरच्या साध्या काळ्या कार्ट्रिजमधून बहुधा दीडशे-दोनशे पानं निघतात आणि कार्ट्रिज आठ-नऊशेला पडतं. म्हणजे पान चार-साडेचार रुपयांना, कागद वेगळा. दुकानातली झेरॉक्स यापेक्षा स्वस्त! आईच्या महिन्याच्या दोनशे चाळीस पानांना हजाराच्या वर रुपये नुसत्या शाईचे लागले असते. चार महिन्यांत शाईवर प्रिंटरपेक्षा जास्त खर्च. धंद्याचं गणितच असं आहे: मशीन स्वस्तात द्यायचं आणि पैसे शाईवर कमवायचे. दाढीचं हँडल स्वस्त आणि ब्लेड महाग, तसंच.

खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या कुठून येते, हेही सांगतो. त्यासाठी आयएसओ/आयईसी २४७११ नावाचं मानक आहे. ठरलेली पाच पानं पुन्हा पुन्हा, शाई संपेपर्यंत छापायची आणि मोजायची. प्रयोगशाळेत ती सलग छापतात. आपण चार पानं छापतो, मशीन आठ दिवस पडून राहतं, मग परत चार. प्रत्येक वेळी मशीन हेड साफ करायला थोडी शाई खातं. त्यामुळे घरी त्यापेक्षा कमीच पानं निघतात. दोन प्रिंटरची तुलना करायला हा आकडा चांगला, घरखर्चाचा अंदाज बांधायला नाही.

आता इंक टँक, म्हणजे बाटलीतून शाई ओतायचे प्रिंटर. हे कसे आले ते मला फार आवडतं. कार्ट्रिज महाग म्हणून आपल्यासारख्याच देशांतल्या लोकांनी प्रिंटरच्या बाजूला शाईच्या डब्या लावून, बारीक नळ्या आत सोडून जुगाड सुरू केला होता. इंडोनेशियात तो इतका पसरला की एप्सनने २०१० मध्ये तिथेच कारखान्यातून टाकी बसवलेला प्रिंटर बाजारात आणला. पुढे कॅनन, एचपी, ब्रदर सगळ्यांनी तेच केलं. यात मशीन महाग असतं, कार्ट्रिजवाल्याच्या दुप्पट-तिप्पट, कारण कंपनीला नफा आधीच काढून घ्यावा लागतो. पण शाई पाण्यासारखी स्वस्त.

आम्ही कॅननच्या जी मालिकेतला घेतला. त्याची काळी बाटली १३५ मिलीलिटरची, सुमारे सहा हजार पानांची, आम्हाला सहाशेच्या आसपास पडली. म्हणजे पान दहा पैशांना. पाचशे कागदांची रीम तीनशेच्या घरात, म्हणजे कागद साठ पैशांना. आईला हे सांगितलं तेव्हा तिला पटेना. आयुष्यभर शाई जपून वापरलेली बाई, आणि आता शाईपेक्षा कागद सहापट महाग! पाठकोरे कागद ती अजून जपून ठेवते, आणि या हिशोबात तिचंच बरोबर आहे. एक मात्र ध्यानात घ्या. पहिल्यांदा शाई भरताना बरीचशी नळ्यांमध्येच राहते, त्यामुळे पहिल्या संचातून पानं कमी निघतात. ती गळती नव्हे.

कॅननच का, असं विचारतात. दोन कारणं होती. एक, या मालिकेतली काळी शाई पिगमेंटची असते, रंगीत शाया डायच्या. डायची शाई पाण्यात विरघळलेल्या रंगासारखी, थेंब पडला की अक्षर पसरतं. पिगमेंटचे कण कागदावर बसतात, ओल बऱ्यापैकी सोसतात. मुलांचं दप्तर, त्यात पाण्याची बाटली आणि आपला जुलै-ऑगस्ट, एवढं पुरे. एप्सनच्या घरगुती टँक प्रिंटरमध्ये चारही शाया बहुधा डायच्या असतात, पण त्यांचं हेड पिझो पद्धतीचं असतं, शाई तापवत नाही, आणि टिकायला उत्तम. दुसरं कारण, कॅननच्या या प्रिंटरमध्ये हेड सुटं निघतं, बिघडलं तर मागवून घरी बदलता येतं. बालाघाटात बसून सर्व्हिस सेंटरची वाट बघण्यापेक्षा हे मला बरं वाटलं. जबलपूर-नागपूरला राहणाऱ्यांनी हे कारण सोडून द्यावं.

सगळ्यांनी टँकच घ्यावा असं मी म्हणत नाही. महिन्यातून दोनदा समग्र आयडी नाहीतर खसऱ्याची प्रत काढायची असेल तर काहीच घेऊ नका, एमपी ऑनलाइनचं दुकान आहे. आणि छापणं काळंपांढरंच, पण महिना-महिना मध्ये जाणार असेल, तर लेझर घ्या. त्याची भुकटी वाळत नाही. दुकानांतून तो जुना एचपीचा एम१००५ अजून घरघरताना दिसतो ना, त्याचं १२ए टोनर दोन हजार पानांचं, आणि ते भरून देणारेही मिळतात. शाईचा प्रिंटर म्हणजे घरातली गाय, रोज नाही तरी आठवड्याला हात लागलाच पाहिजे. आपल्या मे महिन्यात तर नक्कीच, नोझलच्या तोंडाशी शाई सुकून बसते.

म्हणून आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी एक रंगीत पान छापायचं असा नेम आहे. रेघ तुटक आली तर आधी नोझल चेक. त्याला शाई अगदी थोडी लागते. क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा. डीप क्लीनिंगचं बटन लोक देवाला नारळ फोडावा तसं दाबतात. ती सगळी शाई आतल्या शोषून घेणाऱ्या पॅडमध्ये जाते, आणि तो भरला की प्रिंटर कामच थांबवतो. प्रिंटर बंद करायचा तो त्याच्याच बटनाने, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटनाने बंद केलं की हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. छापता छापता लाइट गेली तर ते उघडं राहतं, म्हणून आल्यावर एकदा चालू करून नीट बंद करायचं. पावसाळ्यात रीम फोडली की उरलेले कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचे, नाहीतर ओल धरून दोन-दोन चिकटून आत जातात.

शाई वाचवायची सगळ्यात चांगली युक्ती आईचीच आहे. ती अक्षरं पोकळ काढते, नुसती बाह्यरेषा. मुलं आत खडूने रंग भरतात. ठसठशीत काळ्या अक्षराला लागते त्याच्या कितीतरी कमी शाई लागते, आणि मुलाचा हात अक्षराच्या वळणावरून फिरतो तो वेगळाच.

ऑल-इन-वन घेण्यामागेही आईच होती. तिला कॉम्प्युटर नको असतो. जाड स्केचपेनने कागद लिहिते, काचेवर उलटा ठेवते, प्रतींचा आकडा करते आणि बटन दाबते. फॉन्ट नाही, पेनड्राइव्ह नाही, 'ल कर दूँ' नाही. तिच्या अक्षरातला ळ जसाच्या तसा पंधरा दप्तरांत जातो. अख्खं पुस्तक मात्र कधी छापायचं नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण पहिलीच्या पुस्तकात पानभर रंगीत चित्रं. गोंदियाहून छापील प्रत आणणं स्वस्त आणि टिकाऊ.

स्कॅनरचा उपयोग आधी मोजलाच नव्हता. त्याला तर शाईही लागत नाही. वर्गातल्या एका मुलाची आजी एकदा तिच्या सासूबाईंची वही घेऊन आली. मंगळागौरीची गाणी, पापडांची प्रमाणं, मध्येच कुणाच्या बाळंतपणाचा हिशोब. कडा झडलेल्या, शाई तपकिरी. मोबाइलने फोटो काढले होते, पण पानं फुगलेली, निम्मी सावलीत. वही काचेवर अलगद उघडी ठेवून, झाकण न दाबता, ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केली. रंगीत अशासाठी की काळंपांढरं केलं तर फिकी शाई आणि कागदावरचे डाग एकच होऊन जातात. त्या काकूंची नात बंगळुरूला आहे. तिने ते वाचून विचारलं, "आजी, 'वाटली डाळ'मधली डाळ कशी वाटायची?" म्हणजे ळ तिला बरोबर वाचता आला. तेव्हापासून मंडळात वह्या निघताहेत. जुनी पत्रंही आहेत, एका घरी मोडीतले कागदही सापडले. ते वाचणारं इथे कुणी नाही, तूर्त स्कॅन करून ठेवलेत.

दोन वर्षांत प्रिंटरने सहा हजारांच्या वर पानं काढली. दुसरी काळी बाटली अर्धी आहे, रंगीत अजून पहिल्याच चालू आहेत. कागद पुन्हा प्रत्येकी चार झालेत, आणि येईनाशी झालेली ती दोन मुलं दिवाळीनंतर परत आली आहेत. सध्या आई डोळ्याच्या पापणीसारख्या दिसणाऱ्या अर्ध्या र वर आहे, जो हिंदीत नसतो. एका कागदावर डोंगरातल्या 'दऱ्या' आणि शेजारी समुद्राचा 'दर्या', दोन्ही पोकळ अक्षरांत, खाली चित्र काढायला जागा. आता प्रती सतरा लागतात. रीम संपत आली आहे, शनिवारच्या आत आणायची आहे.