बंदराखालचे गाव

दिवाळी आली की मला फराळाच्या आधी चिखल आठवतो. हसू नका, वाचकहो! माझे वडील उरणच्या बाजूला मिठागरावर होते. पावसाने खचलेले बांध नीट करायचे दिवस म्हणजे हेच. अभ्यंगस्नान आटोपून ते फावडे घेऊन निघत आणि मागाहून मी करंज्या नेऊन देई.

पुढे मुंबई बंदरातली गर्दी हलकी व्हावी म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर उभे राहिले. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झाले, तेव्हा मी तिसरीत होतो. २०२४-२५ या एका वर्षात तिथे २० फुटी पेटीच्या मापाने ७० लाखांहून अधिक पेट्यांची ये-जा झाली. नाशिककडची द्राक्षे थंड पेट्यांत बसून इथूनच युरोपला जातात. निफाडचा माझा साडू बागाईतदार. फाल्गुनात त्याचा हटकून फोन येतो, "साडूभाऊ, तुमच्या दारावरून माझ्या लेकी सासरी चालल्या बरं का!" माझा धाकटा भाऊही बंदरातच ट्रेलर चालवतो. तेव्हा बंदराला नावे ठेवू तरी कोणत्या तोंडाने?

यंदा सहामाहीला मी चौथीला 'आमचे बंदर' हा निबंध घातला. एका मुलीने लिहिले, 'माझ्या आजीचे गाव बंदराखाली आहे.' मी लाल पेनाने 'खाली' खोडून 'शेजारी' केले. अण्णा जवळच सुपारी कातरत बसले होते. त्यांना गंमत म्हणून वाचून दाखवले. ते हसले नाहीत.

"मास्तर, चूक तुमची आहे. शेव्याची माणसं घरं सोडून निघाली, ती मी पाहिलीत."

मग ते जानेवारी १९८४ वर आले. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांनी उभारलेला लढा, तो गोळीबार, त्यात गेलेले ५ जण. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले. वर्गात बंदराची लांबी-रुंदी मी दरवर्षी सांगतो. हे एकदाही सांगितले नव्हते.

सुट्टी लागायच्या दिवशी वही परत दिली. माझी दुरुस्ती मीच खोडली होती आणि खाली लिहिले होते, 'तुझे बरोबर. गुरुजींचे चुकले.'

पोरीने दोनदा वाचले आणि विचारले, "गुरुजी, आजीला दाखवू?"

"दाखव," म्हटले, "आणि दिवाळीनंतर तिला शाळेत घेऊन ये. आम्हांला सगळ्यांनाच तिचे गाव ऐकायचे आहे."